जांभळ्या चकोरची अदलाबदल

१

"दाजी, चोरानं माझा जुना गेम नेला आणि त्याच्या जागी कोरा करकरीत ठेवला," असं म्हणून हर्षल माझ्यासमोरच्या खुर्चीत मटकन बसला.

"मग पेढे वाट," मी म्हणालो.

त्याला हसू आलं नाही. हर्षल माझ्या बायकोचा मावसभाऊ. दिवसा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्लॅस्टिकचे साचे तपासतो आणि उरलेला जन्म हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमना वाहतो. खेळत नाही बरं का. नोंदवतो. कुठला गेम आपल्याकडे कुठल्या साली आला, किती रंगांत आला, बटणं गोल की लांबट, खोक्यावर चिकटवलेला कागद कसा आणि सेलच्या कप्प्यात आकडा कोणता. माझ्या डोळ्यांना जे सात गेम जुळी भावंडं दिसतात, त्यांचे तो सात प्रकार करतो आणि आठवा कुठेतरी असणार म्हणून झुरतो. जगभर असे लोक आहेत, त्यांची एक संघटना आहे आणि त्या संघटनेच्या सूचीतला भारताचा भाग एकट्या हर्षलकडे आहे. त्याचंच पुस्तक अशोकस्तंभाजवळच्या माझ्या छापखान्यात छापायला आलं होतं. लग्नपत्रिकांवर पोट असलेल्या माणसाला दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, खेळण्यांच्या पोटातले फोटो छापायला लागावेत, हे माझं नशीब.

गेलेल्या गेमचं नाव चकोर. नव्वदच्या दशकात वरून विटा पडणारा तो खेळ पोरापोरांच्या हातात होता तेव्हा अंबडमधल्या एका छोट्या कंपनीनं सुटे भाग बाहेरून आणून आपला स्वतःचा गेम जोडला होता. बाजारात आला तो करडा आणि काळा. पण एक जांभळाही निघाला होता, त्याच्या बटणांवर मराठीत 'चालू' आणि 'वळवा' लिहिलं होतं, अशी नुसती वदंता होती. पाहिलाय असं सांगणारा कुणी नव्हता. गेल्या साली गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, जुन्या रिमोटांच्या ढिगात, हर्षलला तो सापडला. ओरखडलेला, एक कोपरा उडालेला, पण जांभळा. त्यानं फोटो काढून संघटनेला पाठवले, "हा एकच नग ज्ञात आहे" असं छातीठोक लिहिलं, आणि संघटनेनं कळवलं की पुण्याचे परीक्षक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दुपारी येऊन फोटो आणि वस्तू पडताळून पाहतील.

"आता फोटोत ओरखडे आहेत आणि हातात गुळगुळीत गेम आहे," हर्षल म्हणाला. "ते म्हणतील, कालच रंगवून आणलास. नुसती ही एक नोंद जाणार नाही, दाजी. माझ्या बाकीच्या सगळ्या नोंदींवर 'भरवसा नाही' असा शिक्का बसेल. सहा वर्षं मी हेच केलंय."

तेवढ्यात माझी बायको आली. मनीषा विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करते. दुकानाला आग लागली की लावली, हे ती राखेकडे बघून सांगते, आणि घरात बिस्किटं कुणी संपवली हे माझ्याकडे बघून. तिनं सगळं ऐकून घेतलं, तो नवा चकोर उचलला आणि आधी नाकाला लावला.

"हा दुकानातून आलेला नाही," ती म्हणाली. "कुणाच्या तरी कपड्यांच्या कपाटातून आलाय."

२

मीही हुंगून पाहिलं. डांबरगोळीचा वास होता, अगदी बारीक, पण होता.

"खोटा आहे का हा?" मनीषानं विचारलं.

हर्षलनं मान हलवली. "नाही, तेच तर कोडं आहे. आतून साच्यातल्या टवक्याची बारीकशी खूण उमटलीय, ती दोन्हींत सारखी. साचा एकच. हा अस्सल आहे, ताई. म्हणजे जगात दोन जांभळे चकोर होते आणि मला एकच माहीत होता."

मनीषानं सेलचा कप्पा उघडला. आतल्या स्प्रिंगा आरशासारख्या लखलखीत होत्या.

"यात कधी सेल घातलेच नाहीत," ती म्हणाली. "एकदा जरी घातले असते तर स्प्रिंगेवर ओरखडा पडला असता. जुन्याचा कप्पा कसा होता?"

त्याचा फोटो माझ्याकडेच होता. सूची करणारी ही मंडळी सेलच्या कप्प्याचा फोटो आधी काढतात, कारण आकडा तिथे असतो. मी छापून पाहिलेला कागद तिच्यापुढे ठेवला. कप्प्याच्या कडेला, झाकणाच्या आत, पिवळसर काहीतरी होतं. त्या पिवळ्यावरून मी आमच्या वाळू नावाच्या मशीनवाल्याला सकाळभर बोललो होतो. मला वाटलं, शाई जास्त पडली. वाळू शपथ घेऊन सांगत होता की शाई बरोबर आहे, पिवळं फोटोतच आहे.

"ते पिवळं गेमवरच होतं," हर्षल म्हणाला. "आणल्या दिवशी मी ओल्या फडक्यानं पुसायला लागलो तर माझ्या नोंदी तपासणाऱ्या उज्वला मॅडमनी हात धरला. वस्तूवरची घाणसुद्धा पुसायची नाही, असा त्यांचा नियम."

"ते फडकं कुठाय?"

फडकं म्हणजे ज्यात तो गेम गुंडाळून ठेवला होता तेच. चोरानं नवा गेमही त्यातच नीट गुंडाळला होता. त्या पांढऱ्या फडक्यावर नखाएवढा पिवळा डाग होता. मनीषा ते घेऊन आमच्या मोरीवर गेली. छापखान्यात शाई काढायला कपड्याचा साबण कायम असतो. तिनं डागावर पाणी घातलं आणि साबण घासला.

पिवळा डाग आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

"हळद," मी म्हणालो. साबणानं लाल होणारा पिवळा डाग दुसरा कुठला असतो, हे आपल्याकडे कपडे धुतलेल्या कुणालाही सांगायला लागत नाही.

मनीषानं हर्षलकडे पाहिलं. "गेम बदलला त्या दिवशी तुझ्या घरी कोण कोण होतं, ते सांग आता."

गेल्या रविवारी पुस्तकातली माहिती शेवटची तपासायला त्यानं राज, उज्वला मॅडम आणि अप्पा या तिघांना बोलावलं होतं. तिघांनीही तो गेम आधी पाहिला होता. दुपारी लोडशेडिंगनं पंखा बंद पडला, म्हणून सगळे गॅलरीत जाऊन बसले आणि हर्षल खाली उसाचा रस आणायला गेला. मधल्या वेळात तिघंही एकेकदा आत जाऊन आले होते.

"तिघांतला एकजण खिशात जांभळा चकोर घेऊनच आला होता," मनीषा म्हणाली. "चोरी करायला जाताना कुणी एवढी तयारी करत नाही. हा अदलाबदल करायला आला होता."

३

पहिला राज. मेन रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, समोर मोबाईलची कव्हरं टांगलेली आणि आत जुने गेम आणि त्यांच्या कॅसेटी. हे जुने गेम तो इंटरनेटवरून परदेशात विकतो. हर्षल त्याला मित्रही म्हणतो आणि गिधाडही म्हणतो.

आम्ही गेलो तेव्हा तो एका जुन्या गेममध्ये सेल घालून बटणं दाबून पाहत होता. मनीषानं नवा चकोर काउंटरवर ठेवला. राजचे डोळे असे मोठे झाले की मला वाटलं, सापडला.

"ताई, हा कुठून आणला? एक नंबर पीस आहे. खोकं आहे का?"

"तू ठेवलास ना हर्षलकडे?"

"मी?" तो खरोखर गोंधळला. "माझ्याकडे असा पीस असता तर तो हर्षलभाऊकडे कशाला ठेवू? मी दुकान बंद करून घरी झोपलो असतो."

बोलता बोलता त्यानं गेम उचलला, कप्पा उघडला आणि दुसऱ्या हातानं सेल घेतले. मनीषानं त्याचा हात धरला.

"नको घालू."

"अहो, चेक करायला नको? चालू आहे की बंद, ते पाहिल्याशिवाय मी माझ्या बापाकडून पण माल घेत नाही."

"रविवारी आत कशाला गेला होतास?"

"फोन राहिला होता टेबलावर." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "जुना पीस मी हर्षलभाऊला मागितला होता, ते खरं आहे. तीनदा मागितला. नाही म्हणाले. पण ताई, मी मागून घेतो, उचलत नाही. धंद्यात एकदा नाव गेलं की संपलं."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नाटकी माणूस आहे."

"असेल," मनीषा म्हणाली. "पण त्याच्या हाताकडे पाहिलंत का? बोलणं नाटकी असू शकतं, हाताची सवय नाही. या गेमला तो हात कधी लागलेला नाही."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला राज चोर निघायला हवा होता, कारण त्यानं मागे माझ्या मोबाईलला बसवलेलं कव्हर आठवड्यात फाटलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"अहो, कव्हरावरून माणसाला तुरुंगात घालता येत नाही," ती म्हणाली. "चला, आता उज्वला मॅडम. त्यांना ही नोंद पुस्तकात नकोच होती, असं हर्षल सांगत होता."

४

उज्वला काकड एका कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांना क्रमांक देता देता त्यांना गेमना क्रमांक द्यायची गोडी लागली. हर्षल शोधतो आणि त्या तपासतात, अशी वाटणी. त्यांच्या घरी चप्पल कुठल्या दिशेनं काढायची हेही ठरलेलं असावं, कारण मी काढलेली चप्पल त्यांनी माझ्या देखत सरळ केली.

"मी त्या नोंदीला विरोध केला होता, हे खरं आहे," त्या आम्ही विचारायच्या आतच म्हणाल्या. "अजूनही आहे. एका नगावरून प्रकार ठरत नाही. कुणीतरी करड्या गेमचं वरचं कवच घरी रंगवलं असेल, बटणं कोरून घेतली असतील. बाजारातल्या ढिगात सापडलेली वस्तू, ना मालक माहीत, ना कुठून आली ते. हर्षलला मी म्हटलं, 'शंकास्पद' असं लिही. त्याला राग आला."

"आणि तो गेम नाहीसा झाला तर?" मनीषानं विचारलं.

"तर नोंद जाईल आणि माझं म्हणणं खरं ठरेल." त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे तुमचा संशय माझ्यावर असायला हवा. मी रविवारी भिंग आणायला आत गेले होते, आणि त्या वेळी आत दुसरं कुणी नव्हतं."

एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कळेना. मनीषानं नवा चकोर त्यांच्या हाती दिला. त्यांनी आधी हातमोजे घातले, मग भिंग लावलं, आणि बराच वेळ त्यांचं डोकं वर आलं नाही.

"हा अस्सल आहे," अखेर त्या म्हणाल्या. "जांभळा रंग वरून दिलेला नाही, प्लॅस्टिकच जांभळं आहे. हा आधी दाखवला असता तर मी एक शब्दही बोलले नसते. आता नोंद राहिली पाहिजे. पण परीक्षक विचारतील, हा कुणाचा, कुठून आला. नाव सांगणारा माणूस उभा राहिल्याशिवाय ते मानणार नाहीत. मीही मानलं नसतं."

मनीषानं विचारलं, "त्या पिवळ्या डागाबद्दल तुम्हाला काय वाटलं होतं?"

"हळद असावी, असं वाटलं होतं. आपल्याकडे खंडेनवमीला सायकलपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. घरातल्या कुणी गेमलाही लावलं असेल. म्हणून तर पुसू दिलं नाही. वस्तूवर जे घडलंय ते वस्तूचंच असतं."

जिन्यावर मी म्हणालो, "डाव संपला. मॅडमना नोंद बुडवायची नाही आणि राजला पीस सोडायचा नाही. उरले फक्त ते अप्पा. आणि अप्पांसारखा देवमाणूस चोरी करणार नाही."

मनीषा थांबली. "अहो, घरी खेळण्याला हळद लावायची झाली तर तुम्ही कुठे लावाल?"

"समोर. वर, मधोमध."

"मग ही कप्प्याच्या आत कशी गेली?"

५

सावळीराम मंडलिक, सगळ्यांचे अप्पा, मूळचे नांदगावकडचे. चकोर जोडणाऱ्या त्या कंपनीत ते फोरमन होते. कंपनी कधीच बंद पडली, पण हर्षलला तिच्याबद्दल जे काही कळलं ते अप्पांकडून. जांभळ्याचा विषय मात्र ते टाळायचे. बायको गेल्यापासून ते सिडकोतल्या दोन खोल्यांत एकटे राहत होते.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत आंब्याचा रस होता. आखाजी उद्यावर आली होती.

"या, या. हात धुतो. लेक येणार हाय उद्या," ते म्हणाले. "आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येत्यात. माझी दिशा मनमाडला असती. लय वर्सांनी येतीय."

"मनमाड तर जवळ आहे," मी म्हणालो.

"व्हय. जवळच हाय," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

घर नुकतंच झाडूनपुसून काढलेलं होतं. भिंतीतल्या फळीवर नवा कागद घातला होता, पण त्यावर काहीच नव्हतं. मनीषानं तिथे नुसतं पाहिलं. अप्पांनी हात पुसून पाणी आणलं आणि मग कंपनीचं जुनं ओळखपत्र दाखवायला लोखंडी कपाट उघडलं. मला शिंक आली. मनीषानं माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे तिलाही तो वास आला होता.

"हर्षलचा गेम बदलला गेलाय, कळलं ना?" तिनं विचारलं.

"फोन आला व्हता पोराचा." अप्पा ओळखपत्राकडेच पाहत होते. "पर चांगला हाय न्हवं नवा? जुन्याचं टवकं उडाल्यालं."

"चांगला आहे. फक्त फोटोतला नाही. परीक्षक हर्षललाच खोटा ठरवतील."

अप्पांनी वर पाहिलं. हे त्यांना नवीन होतं, ते स्पष्ट दिसलं. "आसं कसं? नवा दिला तर माल चांगलाच म्हनायचा की."

मनीषानं तो विषय सोडला आणि कंपनीचं विचारलं. अप्पा जरा मोकळे झाले. बायका कशा रांगेत बसायच्या, काच बसवताना कुणालाही बोलू द्यायचं नाही, जांभळं प्लॅस्टिक मालकाला हौसेनं आणायचं होतं आणि बाजारानं नको म्हटल्यावर ते थोडक्यात कसं थांबलं, सगळं सांगितलं.

"खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची का?"

"ती तर सगळीकडंच व्हती. माझी रीत येगळी. नव्या मालाचा लॉट निघाला की पैल्या नगाला हळदकुंकू लावल्याबिगर दुसरा नग हातात घेऊ द्यायचो नाय. तोंडावर लावलं तर काच खराब व्हती, म्हनून मागनं, आत. पैला नग बाजारात जायचा नाय. तो जोडनाऱ्याच्या घरच्या लेकराला." ते बोलता बोलता थांबले. पुढचं बोलले ते अगदी हळू. "मंग झाकन लावायचं."

मनीषानं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि नमस्कार करून उठली. खाली रस्त्यावर आल्यावर तिनं मागे वळून त्यांच्या खिडकीकडे पाहिलं.

"उद्या सकाळी हर्षलला घेऊन इथेच यायचं," ती म्हणाली. "गेम याच घरात आहे. तो का नेला, तेवढं मला कळत नाही."

६

आखाजीच्या सकाळी अप्पांनी दार उघडलं आणि आम्हा तिघांना पाहून बाजूला झाले. आत पुरणाचा वास होता. त्यांना सगळं कळलं होतं.

मनीषानं बोलायला सुरुवात केली ती हर्षलकडे पाहून, अप्पांकडे नाही. मला ते आवडलं.

"राज असता तर त्यानं नव्यात सेल घालून पाहिले असते, आणि नवा हातचा सोडलाच नसता. उज्वला मॅडमना नोंद बुडवायची असती तर त्यांनी जागा रिकामी ठेवली असती. अस्सल जांभळा ठेवून त्यांनी स्वतःचंच म्हणणं कशाला खोडलं असतं? म्हणजे हा असा माणूस, ज्याला जुनं-नवं, दुर्मीळ-साधं यातलं काही नको होतं. त्याला तोच एक गेम हवा होता. त्याच्यावर हळद होती, आणि ती घरी लावलेली नव्हती. घरी लावणारा समोरून लावतो. ही जोडणीच्या टेबलावर, झाकण बसायच्या आधी लागलेली होती. आणि बदली आलेल्या गेमला डांबरगोळीचा वास होता." मग ती वळली. "अप्पा, तो कुणासाठी नेला?"

अप्पांनी लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखालून ओरखडलेला जांभळा चकोर काढला आणि हर्षलच्या हातात ठेवला.

"दिशाचा हाय," ते म्हणाले. "पैल्या लॉटचा पैला नग. बारकी व्हती, दिवसरात हातात. पुढं तिनं आपल्या मनानं लगीन केलं. मी म्हनलं, या घरात पाय ठेवू नको. राग लय वंगाळ. तिची पेटी तशीच कुलपासकट भंगारवाल्याला देऊन टाकली, उघडून बी नाय पायली. आता नऊ वर्सांनी तीच म्हनली, आप्पा, आखाजीला येऊ का? तिला काय दाखवू, तुझं काय ठेवलं म्हनून? हर्षलच्या घरी हे पायलं, झाकन काढलं, हळद दिसली. मंग पुढचं काही पायलंच नाय."

"मला मागायचा ना, अप्पा," हर्षल म्हणाला.

"काय सांगून मागू? लेकीची पेटी भंगारात घातली म्हनून?" त्यांनी मान खाली घातली. "कंपनी बंद झाली त्या निरोपाच्या दिवशी मालकानं एक नग हातात ठेवला व्हता, तो तुला दिला. मला वाटलं, पोराला चांगला माल भेटला."

हर्षल बराच वेळ तो गेम हातात फिरवत राहिला. दुपारी पुण्याचे परीक्षक येणार होते आणि सहा वर्षांचं काम त्याच्या हातात होतं. मी त्याला आयुष्यभर चिडवत आलोय, पण त्या क्षणी त्याच्या जागी मी असतो तर गेम खिशात घालून निघालो असतो. त्यानं उठून तो त्या रिकाम्या फळीवर नेऊन ठेवला.

"राहू दे इथे," तो म्हणाला. "परीक्षकांना मी काहीतरी सांगेन."

"काय सांगशील?"

तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात दिशा उभी राहिली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोरीचं बोट. अनोळखी माणसं पाहून ती बिचकली. मनीषानं माझा शर्ट ओढला. आम्ही निघायला हवं होतं. गुपचूप निघालो असतो तर अप्पांचं सगळं झाकलं गेलं असतं. फळीवर गेम होता, पोळ्या तयार होत्या.

अप्पा उंबऱ्याशी गेले. लेकीला आत घ्यायच्या आधीच ते बोलले.

"दिशा, हे लोक माझ्यामुळं आल्यात. तुझी पेटी मी भंगारात घातली. हा तुझा गेम या पोराच्या घरनं चोरून आनला, तुला दाखवायला. तो जर आता परत दिला नाय तर हा पोरगा माझ्यापायी खोटा पडंल. मी त्याच्यासंगं जाऊन त्या सायबाला सगळं सांगनार हाय."

दिशानं फळीकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली, गेम हातात घेतला, उलटा केला, परत सरळ केला.

"अप्पा, हा माझा नाहीये," ती म्हणाली.

तिनं पिशवीत हात घालून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि फळीवर ठेवलं. तिसरा जांभळा चकोर. हर्षलनं तो घेऊन झाकण काढलं. आत कडेला हळद होती.

"तो पेटीत नव्हताच," दिशा म्हणाली. "घरातून निघाले तेव्हा मी एवढंच तर घेतलं होतं."

अप्पा भिंतीला टेकून खाली बसले. मग एकाएकी कपाळावर हात मारून म्हणाले, "जांभळ्याचं दोन लॉट निघालं व्हतं. दुसऱ्याचा पैला नग रांगेत बसनाऱ्या मंगलाबाईच्या लेकराला दिला व्हता. तो तिचा असनार."

म्हणजे बाजारात सापडला तो मंगलाबाईकडचा, नवा तो अप्पांचा, आणि हा दिशाचा. एकच नग ज्ञात असलेल्या गेमचे तीन नग एका फळीवर होते, आणि तिन्हींची साक्ष द्यायला ते जोडणारा माणूस समोर होता. हर्षलच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं आलं, ते मी त्याला विचारलं नाही. दुपारी त्या परीक्षकांपुढे काय बोलायचं, हे आता कुणालाच ठरवावं लागणार नव्हतं. अप्पाच बोलणार होते.

मनीषानं निघायची खूण केली. आम्ही दाराशी आलो तर दिशा बापासमोर जमिनीवर बसली होती, आपला चकोर पुढे धरून.

"अप्पा, हे वळवायचं बटण अडकतंय, चार वर्षं झाली," ती म्हणाली. "मनमाडला दोघांनी दुरुस्त करून देतो म्हटलं. मी कुणाला उघडू दिला नाही. तुमच्याकडेच आणायचा होता."

अप्पांनी डोळे पुसले आणि नातीला म्हणाले, "जा गं बाय, त्या खिडकीतला माझा चष्मा आन."